गच्चीवरचं मिलिंग मशीन: दसरा ते पाडवा

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सकाळी ड्रिल मशीन, व्हाइस आणि कानशींना हळद-कुंकू वाहिलं. झेंडूची माळ ड्रिलच्या मुठीला अडकवली. आईने आपट्याची दोन पानं व्हर्नियरच्या डबीवर ठेवली. आज हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून वही उघडली.

नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात लहानपणापासून चकरा मारल्याचा परिणाम म्हणून गेल्या हिवाळ्यात वाफेचं छोटं इंजिन करायला घेतलं होतं. सिलिंडर टर्नरकाकांनी लेथवर झकास करून दिला. वाफ आत-बाहेर जायच्या खाचा मात्र मी घरी केल्या. म्हणजे ओळीने चार भोकं पाडायची, मधल्या भिंती छिन्नीने उडवायच्या आणि मग सुईकानशीने घासत बसायचं. खाच ३ मि.मी. रुंद हवी होती. झाली एका टोकाला ३.२ आणि दुसऱ्या टोकाला ३.६. कंप्रेसरची हवा सोडली की इंजिन फिरत नाही, नुसतं फुसफुसतं.

खाच सरळ हवी तर मिलिंग हवं, म्हणजे फिरत्या कटरखाली तुकडा सरकवत कापणं. तयार छोटी मशीनं मिळतात. घरी केलेलं स्वस्तात पडेल असं काही नाही. पडणार नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घरात वाद नको.

जागा: मानेवाड्याच्या घराची गच्चीवरची खोली, दहा बाय बारा, पश्चिमेला एक खिडकी. मशीनची पाठ खिडकीकडे, म्हणजे उजेड माझ्या समोरून येईल.

१९ ऑक्टोबर

इतवारीत लोहाओळी, म्हणजे लोखंडाचा बाजार. बेससाठी २० मि.मी. जाड प्लेट, २५० बाय ३५०. कॉलमसाठी १०० बाय १०० चा ६ मि.मी. जाडीचा चौकोनी पाइप, साडेचारशे लांब. प्लेट पावणेचौदा किलो भरली, पाइप आठ. दोन्ही स्कूटरच्या पायाशी ठेवून गांधीबागेतून आलो. प्रत्येक खड्ड्याला प्लेट पायाच्या अंगठ्याची चौकशी करत होती.

उभ्या सरकीसाठी कॉलमवर १५ मि.मी. च्या दोन लिनियर रेल (सरळ सरकीच्या तयार पट्ट्या) लावणार. आडव्या सरकीसाठी ड्रिल मशीनखाली लावायचं तयार क्रॉस-स्लाइड टेबल ऑनलाइन मागवलंय, ३१० बाय ९० चं. बिडाचं आहे एवढंच त्याच्याबद्दल चांगलं सांगता येईल, बाकी ते आल्यावर.

९ नोव्हेंबर

चूक केली. दिवाळीच्या आधी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका शेपरवाल्याकडून (शेपर म्हणजे पुढे-मागे जाणाऱ्या टूलने लोखंड सपाट करणारं मशीन) कॉलमचा समोरचा चेहरा सपाट करून आणला होता. डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) फिरवून पाहिला, तीन घरांच्या आत (माझ्या डायलचं एक घर म्हणजे ०.०१ मि.मी.). खुशीत तो वेल्डरकडे नेला आणि खाली बेसवर बसणारी १२ मि.मी. ची फ्लँज चारही बाजूंनी वेल्ड करून घेतली. घरी येऊन रेल ठेवली तर खालच्या भागात तिच्याखाली उजेड दिसतोय. मोजलं तर ०.३ मि.मी. ओढ.

टर्नरकाकांकडे घेऊन गेलो. ते लेथवर होते, त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

“भाऊ, तुम्ही उलटं करून राहिले न. आधी वेल्डिंग, मंग फेस. लोखंड तापलं का सरकतेच, त्याले आपण काय म्हणणार?”

“मला वाटलं बारा एमएमची फ्लँज आहे, काय ओढणार.”

“फ्लँज नाही ओढत. वेल्डिंगचा मणी थंडा होताना ओढते. तो आकसते अन् पाइपले घेऊन जाते संगं.”

मग चहा पाजला. अपमानानंतर चहा द्यायची त्यांची रीत आहे.

१७ नोव्हेंबर

शेपरवाल्याकडे दुसरी फेरी. अर्धा मि.मी. उतरवला, आता चेहरा दोन घरांत. रेलच्या बोल्टसाठी एम-४ चे आटे पाडले, ६० मि.मी. अंतराने सोळा भोकं. एक टॅप आत तुटला. तो काढायला लागलेला वेळ लिहीत नाही.

१ डिसेंबर

टेबल आलं त्याला महिना झाला. हात लावायची हिंमत आज होतेय.

गिबचे (सरकीतली फट भरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आवळले की टेबल मधोमध छान सरकतं आणि टोकांना अडकतं. सैल केले तर टोकांना ठीक, मधे डुगडुगतं. म्हणजे डव्हटेलच्या (टेबल ज्यात सरकतं त्या तिरक्या खोबणीच्या) बाजू सरळ नाहीत, मधून खाल्लेल्या आहेत. तो नुसत्या स्क्रूने सुटणारा प्रश्न नाही. स्क्रेपिंग करावं लागणार, म्हणजे उंचवटे हाताने खरवडून काढणं.

स्क्रेपर: जुनी चपटी कानस, टोकाचे दात सहाणेवर घासून काढले, धार किंचित गोल ठेवली. निळं: सीताबर्डीवरून चित्रकारांच्या तेलरंगातली प्रशियन ब्लूची ट्यूब. सपाट संदर्भ म्हणून १२ मि.मी. जाडीची फ्लोट काच. ही काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, म्हणून इतकी सपाट येते. सरफेस प्लेट (सपाटी तपासायची अचूक प्लेट) नाही ती, पण माझ्या कामापुरती आहे. डव्हटेलच्या तिरक्या बाजूंसाठी याच काचेवर पट्टी तपासून घेतली.

काचेवर निळं अगदी पातळ चोळायचं. बोटाने लावून बोटानेच पुसून काढावं, म्हणजे राहील तेवढं पुरेसं. टेबलाची बाजू त्यावर दोन-तीनदा हलवायची आणि उलटी करून पाहायची. निळं जिथे लागलं तिथे उंचवटा. पहिल्यांदा पाहिलं तर दोन कोपरे निळे आणि मधे एक पुसट पट्टा, बाकी सगळं बीड राखाडी, कोरं. ते निळे ठिपके तेवढे खरवडायचे. एका ओरखड्याला निघतं काय, तर नखावर दिसेल-न दिसेल अशी काळी धूळ. पुन्हा निळं, पुन्हा खरवड, दर वेळी आधीच्या ओरखड्यांना आडव्या दिशेने. पाचव्या फेरीला ठिपके सात झाले. आठवीला पुन्हा पाच, कारण एके ठिकाणी मी घाईने खोल गेलो आणि बाकीचं सगळं तिथवर उतरवणं आलं.

काच नसती तर तीन प्लेटा लागल्या असत्या. दोन प्लेटा एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या चपखल बसतात, आणि दोघी सपाट आहेत असं आपल्याला वाटतं. तिसरी आणली की लबाडी चालत नाही. तिघी आळीपाळीने एकमेकींशी जुळायच्या तर सपाट होण्यावाचून इलाज नसतो. जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ही रीत मांडली. अचूक वस्तू करायला अचूक वस्तू आधी हवी, या कोड्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उत्तर हे आहे.

१५ डिसेंबर

एकूण तीन रविवार गेले. आता इंचभर चौकोनात दहाएक ठिपके येतात. टेबल टोकापासून टोकापर्यंत सारख्याच जोराने सरकतं. तळहात आणि आईचे तीन टॉवेल निळे झालेत.

१८ डिसेंबर

बेअरिंग आणायला निघालो होतो. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू आहे, एका मोर्चामुळे बर्डीवर अर्धा तास, दुसऱ्यामुळे परत फिरलो. काम शून्य.

२८ डिसेंबर

स्पिंडल, म्हणजे कटर धरून फिरणारा दांडा. २० मि.मी. सरळ शँकचा (दांडीचा) ईआर-२० कॉलेट चक घेतला. १ पासून १३ मि.मी. पर्यंतची कटर त्यात धरता येतात. शँकवरच दोन ७२०४ अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंग, पाठीला पाठ लावून. मागे एम-२० बाय १ चा नट, त्यानेच बेअरिंगांवर आधीचा ताण द्यायचा. शँक कडक केलेली निघाली, काकांचं नेहमीचं टूल तिच्यावर नुसतं घसरलं. मग कार्बाइडने आटे पाडले. काका कार्बाइडला अजून “ते टुकडा लावलेलं” म्हणतात.

पहिल्यांदा नट चांगला आवळला. हाताने फिरवलं तर छान, घट्ट, लोण्यासारखं. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर वीस मिनिटं चालवलं आणि बेअरिंगच्या घरावर बोट ठेवलं तर लगेच काढावं लागलं. या नटाची एक पूर्ण फेरी म्हणजे १ मि.मी. तेव्हा पाच अंश म्हणजे दीड घर सुद्धा नाही. तेवढाच मागे फिरवला. आता अर्ध्या तासाने बोट ठेवता येतं, कोमट. कॉलेटमध्ये सरळ पिन धरून डायल लावला: एका घरात फिरते. हे वाक्य दोनदा वाचलं.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

आजूबाजूच्या गच्च्यांवर पतंग, गाणी, ‘ओ काट’. मी खोलीत, वायरिंगमध्ये.

भंगारातून अर्धा एचपीची थ्री-फेज मोटर मिळाली, १४४० फेऱ्यांची. ओळखीचा एक जण कूलरची जुनी मोटर फुकट देत होता. नागपुरात ती प्रत्येकाच्या माळ्यावर असतेच. पण तिचा जन्म हवा ढकलायला झालेला आहे, कटरने लोखंड खाल्लं की ती उभी राहते. थ्री-फेजवाली स्टारमध्ये ४१५ व्होल्टला जोडलेली होती. टर्मिनलच्या पितळी पट्ट्या फिरवून डेल्टा केली, म्हणजे घरच्या सिंगल फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीने (थ्री-फेज करून देणाऱ्या आणि मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राने) ती पूर्ण जोमात फिरते.

फिरली. आणि तीन सेकंदांत घरातली ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. चौथ्या वेळी खालून आईचा आवाज आला. तिळाचा पाक गॅसवर होता आणि अंधारात तो पुढे गेला. यंदाच्या वड्या दाताने तुटत नाहीत.

व्हीएफडीच्या आतला फिल्टर थोडा करंट नेहमीच अर्थकडे सोडतो, आणि लांब केबलमधूनही गळती होते. घरची ईएलसीबी ३० मिलीअँपिअरची आहे, आधीच फ्रिज-गीझरची थोडी-थोडी गळती पोटात घेऊन बसलेली. इलेक्ट्रिशियनकडून वर स्वतंत्र लाइन, स्वतंत्र ईएलसीबी आणि नीट अर्थ करून घेतली. मोटरची केबल तीन मीटरची एक मीटर केली. पडायची बंद झाली. ईएलसीबीला बायपास करायचा सल्ला दोघांनी दिला होता. त्या दोघांना मशीन दाखवणार नाही.

२ फेब्रुवारी

सगळं उभं राहिलं. मशीनच्या डोक्याचं (स्पिंडल धरणाऱ्या वरच्या भागाचं) वजन मोटरसकट नऊ किलो, ते तोलायला गाडीच्या डिकीचा गॅस शॉकर लावला.

आज ट्रॅमिंग. स्पिंडलला आडवा हात, त्याच्या टोकाला डायल, आणि १५० मि.मी. व्यासाच्या वर्तुळात तो टेबलावर फिरवायचा. काटा चारही दिशांना सारखं दाखवेल तेव्हा स्पिंडल टेबलाला काटकोनात. टेबल ९० च रुंद असल्याने वर तीच काच ठेवली. डावी-उजवी एका घरात आली. पुढे-मागे आठ घरं फरक होता, तो फ्लँजखाली शिमच्या पत्र्या सारत सारत एका घरावर आणला.

मग १० मि.मी. चं एंड मिल, माइल्ड स्टीलचा तुकडा, ८०० फेरे. साध्या एचएसएस (हायस्पीड स्टीलच्या) कटरला या लोखंडात मिनिटाला पंचवीसेक मीटरचा वेग मानवतो, त्यावरून हा आकडा. अर्धा मि.मी. खोल घेतलं. आवाज पुरी तळल्यासारखा आला, चिप्स छोट्या, वाकड्या, चकचकीत. त्यातल्या चार आगपेटीत ठेवल्या आहेत.

९ फेब्रुवारी

६ चं कटर मोडलं. दोष माझा. बाजू साफ करताना जॉब (कापायचा तुकडा) उलट दिशेने आणायचा आळस केला आणि कटरचे दात जिकडे वळतात तिकडेच टेबल ढकललं. अशा वेळी कटर जॉबला स्वतःकडे खेचतो. टेबल सरकवणाऱ्या नट आणि स्क्रूमध्ये फट नसेल तर बिघडत नाही, फिनिश उलट छानच येतो. माझ्या टेबलात फट आहे ०.३५ मि.मी. म्हणजे एका दाताने ०.०३ खायचं, तिथे टेबल टुणकन पुढे आलं आणि दातापुढे त्याच्या दसपट लोखंड. ‘टक्’ एवढाच आवाज. तुकडा सापडला नाही. चष्मा होता.

१६ फेब्रुवारी

काकांकडून गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) दुसरा नट करून घेतला. दोन नट एकमेकांपासून दूर ढकलले की दोघे मिळून स्क्रूला दोन्हीकडून धरतात. फट आता ०.०६. तरीही दातांच्या दिशेने टेबल ढकलून कापायचं नाही, हे खडूने मशीनवर लिहिलं.

८ मार्च

काहीतरी बिघडलंय. संध्याकाळी साडेचारला एक मोठा चेहरा मारला तर कटरच्या खुणा एकाच दिशेच्या, आणि शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधे नखाला पायरी लागते. ट्रॅम पाहिला: पुढे-मागे पाच घरं. पुढच्या बाजूला काटा जास्त दाबला जातो, म्हणजे डोकं पुढे झुकलंय. महिन्याभरापूर्वी एकच घर होतं.

आईचं म्हणणं, गच्चीवर शेजारच्या लिंबाची पानं रोज सूपभर पडतात आणि मी एकदाही झाडू हातात घेतला नाही. खरं आहे.

९ मार्च

सकाळी आठला पुन्हा डायल लावला. एक घर. कशालाही हात लावला नव्हता.

१४ मार्च, धुळवड

रंग खेळून दुपारी वर आलो. चार वाजता: पाच घरं. संशयित मोजले. रेलचे सोळाही बोल्ट तपासले, घट्ट. गॅस शॉकर काढून पाहिला, तीच पाच घरं. बेअरिंग तापून पसरत असेल म्हणावं तर आज मोटर सुरूच केलेली नाही. वैतागून फ्लँजच्या पुढच्या कडेखाली फीलर गेजची ०.०५ ची पाती सारली. काटा शून्याशी आला. जिंकलो असं वाटून जेवायला गेलो.

१५ मार्च

सकाळी: उलट्या बाजूने चार घरं. पाती काढली. मशीन रात्री सरळ होतं आणि दुपारी वाकतं. काकांना फोन केला. ते म्हणाले, “आमच्या शेडमधे सगळेच दुपारी वाकतेत, भाऊ.” मी हसलो आणि फोन ठेवला. विनोद नव्हता तो, हे आज कळलं.

१६ मार्च

चार वाजता हातातून ॲलन की निसटून कॉलमच्या मागे पडली. ती काढायला हात मागे घातला आणि कोपराखालचा भाग कॉलमच्या पाठीला टेकला. गरम. तवा नाही, पण उन्हात ठेवलेल्या स्कूटरच्या सीटसारखा. पुढून हात लावला तर साधा, खोलीइतकाच.

करोनाच्या काळात घेतलेली कपाळाचं तापमान मोजायची बंदूक कपाटात होती, तिच्यात वस्तूचं तापमान मोजायचीही सोय आहे. पाठ ४१, पोट ३३.५. साडेसात अंश फरक.

वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. पोलाद अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. पाठ साडेसात अंशांनी जास्त गरम, कॉलम १०० मि.मी. जाड, म्हणजे मागची बाजू लांब होऊन कॉलम धनुष्यासारखा पुढे वाकणार. स्पिंडलच्या पातळीपर्यंतची ३०० मि.मी. उंची धरली आणि १५० च्या वर्तुळावर फरक काढला: ०.०४०. सकाळचं एक घर आणि हे चार, झाली पाच. इतकं जुळल्यावर मला जरा भीतीच वाटली, म्हणून बेरीज पुन्हा केली.

फेब्रुवारीत हे का नव्हतं? खिडकीबाहेर पाहिलं. समोर कडुलिंब, पण नुसत्या काड्या. ज्या पानांवरून आईची बोलणी खात होतो, ती खिडकीसमोरचा पडदा होती. त्यात सूर्यही हिवाळ्यात दक्षिणेकडे मावळत होता, आता सरळ खिडकीसमोर आलाय. आणि त्याच्या वाटेत मी गडद करड्या रंगाने रंगवलेला पोकळ पाइप उभा केलाय. उजेड समोरून यावा म्हणून.

२२ मार्च

खिडकीला जुनी पांढरी चादर, आणि कॉलमच्या मागे चार बोटं जागा सोडून पांढऱ्या रंगाची प्लायची फळी. दुपारचा फरक दोन घरांवर आला. पाइपमध्ये वाळू-इपॉक्सी भरायचा विचार होता, तो पावसाळ्यावर टाकला.

एक नवीन मूर्खपणा: गरम होतंय म्हणून परवा कूलर वर आणला आणि रात्रभर तसाच चालू राहिला. सकाळी टेबलावर, जिथे तेल नव्हतं तिथे, चहाच्या डागासारखा गंज. कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळूनच. खरवडून आणलेल्या त्या बिडावर हे पाहताना पोटात कालवलं. केरोसीन आणि बारीक पॉलिश पेपरने निघाला. कूलर खाली गेला. आता पंखा आणि घाम.

३० मार्च, पाडवा

गुढी गच्चीवरच उभारली. लिंबाचा कोवळा पाला शेजारच्याच झाडाचा, तांबूस, अजून नीट हिरवाही न झालेला. खिडकीसमोरच्या फांदीला हात लावला नाही. आईने विचारलं, तीच तर सगळ्यात जवळची होती. म्हटलं, ती मशीनची आहे.

दुपारी मुद्दाम चार वाजता खाचा घेतल्या. नवा सिलिंडर, गनमेटलचा. ३ मि.मी. च्या कटरला अशा धातूत खरं तर सहा हजारांच्या आसपास फेरे हवेत. माझी पुली दुप्पट करून आणि व्हीएफडी ७५ हर्ट्झवर नेऊन जेमतेम त्रेचाळीसशे होतात. म्हणून खोली एका वेळी ०.२ आणि हात सावकाश. एका खाचेला पंचवीस पास. बाराव्या पासला पतंगाची जुनी दोरी पंख्याच्या वाऱ्याने उडून स्पिंडलवर आली. थांबलो, काढली, पुन्हा सुरू. पिवळट बारीक भुगा ब्रशने बाजूला केला की खाचेचा तळ दिसायचा, दोन्ही भिंती उभ्या.

मापायला ३ मि.मी. ड्रिलची मागची दांडी. या टोकाला गेली, त्या टोकालाही गेली, आणि कुठेही खुळखुळली नाही. मग ट्रॅम पाहिला, पावणेपाच वाजता, चादर लावलेली: दोन घरांना थोडं कमी.

तीन खाचांपैकी दोन झाल्या. तिसरी उद्या सकाळी, कारण ३ चं कटर एकच आहे आणि आज रविवार, लोहाओळी बंद.